इंदू, तू वाचून दाखवलेली पत्रं

इंदू, वर्ध्याहून तुला घरी आणलं त्या सकाळी ओसरीवर बायका जमल्या होत्या. मी रडत होते, आणि रडता रडता कोणकोण माझ्याकडे पाहतंय तेही पाहत होते. कोणीतरी म्हणालं, थोरल्या जावेनं लेकीसारखं वागवलं तिला. ते ऐकून मला बरं वाटलं. तू अंगणात निजलेली होतीस आणि मला बरं वाटलं. मग माझी मलाच शंका आली, की हे रडणं आहे तरी कोणासाठी?

ही गोष्ट ज्याला सांगावी असं घरात कोणी नाही. एक तू होतीस, आणि तुझ्याशी मी दोन वर्षं धड बोलले नाही. म्हणून लिहायला बसले आहे. तू शिकवलंस तसं 'मले' न लिहिता 'मला' लिहिते. मधेच आपली बोली शिरली तर शिरू दे.

तू देवळीहून लग्न होऊन नाचणगावला आलीस तेव्हा मी या घरात दहा वर्षं जुनी झाले होते. सासूबाई गेलेल्या. चूल, कोठी, सणवार सगळं माझ्या हातात. धाकटा दीर पुलगावच्या मिलमध्ये लागलेला, त्याला सातवी पास बायको मिळाली याचं गावभर कौतुक. आमच्या घरात तोवर कोणाला सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं. दिराला येत होतं, पण तो मिलच्या पाळीतून आला की झोपायचा. शिकलेली बाई येते ती घर ताब्यात घ्यायलाच येते, असं मी मनात धरलं आणि तुझ्यावर नजर ठेवली.

तू तर भांडायला जागाच देत नव्हतीस. पाहुण्यांनी पाटोडीच्या भाजीची तारीफ केली की म्हणायचीस, बाईंनी सांगितली तशी केली. मी काहीही सांगितलेलं नसायचं. मला वाटायचं, ही आज मला मोठेपणा देते आहे म्हणजे उद्या काहीतरी काढून घेणार.

आणि ती तुझी सवय. विहिरीवर एकदा एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली, सातवी शिकून काय फायदा, भाकर त जाडीच थापते. तू दोर ओढता ओढता थांबलीस. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "टोचलं, बाई. कुठं टोचलं ते पाहून राह्यले." क्षणभर तशीच उभी राहिलीस, मग दोर ओढलास आणि त्या बाईची घागर आधी भरून दिलीस. घरी येऊन मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, धाकटी नाटकी आहे. माणसाला टोचलं की माणूस ओरडतो. ही टोचलेली जागा पाहत बसते, म्हणजे पोटात काही वेगळंच आहे.

मग तीन वर्षांपूर्वीचा तो वैशाख. गिरडला माझ्या भावाच्या, नामदेवाच्या मुलीचं, कमलचं लग्न. तू घर सांभाळायला थांबली होतीस, मी आणि हे गेलो होतो. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागं दिवा धरून उभं राहायचा मान आमच्या घरात आत्याचा. मी नवं लुगडं नेसून, हात धुऊन तयार उभी. आणि माझ्या भावजयीनं तो दिवा आपल्या बहिणीच्या हातात दिला. मुद्दाम दिला की घाईत दिला, ते मला आजही माहीत नाही. तेव्हा मात्र पक्कं माहीत होतं. मी न जेवता निघाले. ह्यांना बंडी जुंपायला लावली. नामदेव वेशीपर्यंत मागं धावत आला, कमल मांडवात रडत होती, आणि मी मान वळवली नाही. परतल्यावर हे सगळं मी तुला किती वेळा सांगितलं असेल. दर वेळी त्यात भावजय थोडी आणखी वाईट व्हायची.

पंधरा दिवसांनी नामदेवाचं कार्ड आलं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. तू उंबऱ्यात बसून वाचलंस. लग्नाच्या धावपळीत तुझ्याकडं पाहायचं राहिलं, तुला वाईट वाटलं असेल, कमल सासरी जाताना तुलाच शोधत होती. मला रडू आलं, पण माझं लक्ष दुसरीकडेही होतं. नामदेव लिहायचा कंटाळा करणारा, कार्डावर तीन-चार ओळी दिसत होत्या, आणि तू वाचत होतीस तोवर माझ्या दोन भाकरी शेकून झाल्या. शिवाय तुझे डोळे एका जागी थांबले होते आणि तोंड चालू होतं.

शंका आली, तरी मी ती बाजूला ठेवली, कारण भाऊ नमला हे मला हवंच होतं. नमला म्हणताच माझा ताठा दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी तुला कार्ड आणायला लावलं आणि सांगितलं, लिही, ज्या दिवशी मांडवात माझा मान दुसरीला दिला त्या दिवशी माझा भाऊ मेला. आता माझ्या दारात पाय ठेवू नको. तू थोडा वेळ टाक तसाच धरून बसलीस. मग लिहिलंस. मी म्हणाले, वाचून दाखव. तू माझा शब्दन् शब्द मला वाचून दाखवलास.

त्या दिवाळीत भाऊबीजेला नामदेव दारात उभा. कमलच्या हातचे अनारसे घेऊन आला होता. मी ओवाळलं. जाताना तो हळूच म्हणाला, "ताई, तुह्यं पत्र वाचून मले आईची याद आली."

मी रात्रंदिवस त्या एका वाक्याभोवती फिरत राहिले. भाऊ मेला, असं मी लिहायला सांगितलं, त्यात आई आली कुठून? मग एकेक गोष्ट जुळू लागली. मी सांगते ते जात नाही आणि तिकडून येतं ते मला मिळत नाही. मधे तू आहेस. मला वाटलं, ही माझ्या माहेराची किल्ली कमरेला लावून बसली आहे.

कोणाला विचारायची लाज. म्हणून मार्गशीर्षात मी तुला म्हणाले, मले अक्षरं शिकव. पोथी वाचायची आहे. तू तांदूळ निवडत होतीस. तुझा हात सुपातच राहिला. थोड्या वेळानं म्हणालीस, उद्यापासून बसू. तुझं ते थांबणं मी टिपून ठेवलं. घाबरली, म्हटलं.

माझ्या पोरीची पाटी, दुपारची वेळ, मागचं दार. तिशी उलटलेली बाई ग-म-भ-न काढत होती. माझा 'ळ' उलटा यायचा, वेलांटी नेहमी नको त्या बाजूला. तू एकदाही हसली नाहीस. माझ्या बोटांवर बोटं ठेवून वळण गिरवायचीस. मला वाटायचं, हसत कशी नाही ही? एखादं अक्षर जमलं की तुझा चेहरा उजळायचा, त्याचाही मी अर्थ लावायचे. तू मन लावून शिकवत होतीस आणि मी तुला पकडायला शिकत होते.

वैशाखात मला जोडाक्षरं फुटली. एका दुपारी घरात कोणी नव्हतं, तू पाण्याला गेली होतीस. आलेली पत्रं आपण तारेत ओवून खिळ्याला टांगत असू. मी तार खाली काढली. नामदेवाचं कार्ड त्याच्या मोठ्या वाकड्या अक्षरावरून सापडलं. बोट ठेवून, ओठ हलवून वाचलं. 'कमलच्या लग्नात तू जो तमाशा केला तो साऱ्या गावानं पाह्यला. तुले मान पायजे, मानसं नाई पायजेत. यापुढं गिरडले येऊ नको.' एवढंच. मी जन्मात स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं पहिलं पत्र हे. ज्या ओळीवर मी रडले होते, कमल मला शोधत होती ती ओळ, त्यात नव्हतीच.

तू घागर घेऊन आलीस आणि माझ्या हातात तार पाहिलीस. घागर उतरवून ठेवलीस. पदरानं मान पुसलीस. मी विचारलं, माझ्या कार्डात काय लिव्हलं होतं तू?

तू म्हणालीस, "तुमी सांगितलं ते नाई लिव्हलं. चुकलं माह्यं, असं लिव्हलं."

"मी असं म्हटलं नवतं."

"म्हटलं होतं, बाई. त्याचं कार्ड ऐकल्यावर, भाकर थापता थापता. जेवून निघाली असती त काय झालं असतं, असं म्हटलं तुमी. मी तेच लिव्हलं."

मी म्हणाले, खोटं. मी असलं काही म्हटलेलं नाही. आणि म्हटलं असेल तरी ते चुलीला म्हटलं, नामदेवाला नाही. तुला कोणी अधिकार दिला? मग विचारलं, एवढं खोटं वाचलं तर ते कार्ड जाळलं का नाही? तू म्हणालीस, दुसऱ्याचं पत्र जाळायला मी कोण. मला त्यावर आणखीच संताप आला. शब्द बदलायला तू कोणीतरी होतीस आणि जाळायला कोणी नव्हतीस!

तेव्हा तू खाली बसलीस आणि जे बोललीस ते मला तोंडपाठ आहे.

"बाई, आता खोटं नाई सांगत. भाऊबहीन तुटू नये असं वाटलं, हे खरं. पन माह्यावाचून या घरातलं एक पत्र हालत नाई, हे मले गोड वाटत होतं, हेबी खरं. तुमी अक्षरं शिकाले मागितली तवा टोचलं. कुठं टोचलं ते पाह्यलं. मंग शिकवलं."

मी त्या वेळी ऐकलं काय, तर एवढंच, की ही कबुली देऊनसुद्धा मोठी झाली. चोरी सापडली तरी हिचीच पाठ थोपटावी असं बोलते. मला तुझ्यापेक्षा खाली उभं राहायचं नव्हतं. म्हणून हाताला जे लागलं ते फेकून मारलं. मी म्हणाले, "पोटी पोर नाई, म्हून दुसऱ्याच्या संसारात हात घालतं तू."

तू 'टोचलं' असंही म्हणाली नाहीस. घागर उचलून आत गेलीस.

त्यानंतर घरात चुली दोन झाल्या नाहीत, पण बोलणं कामापुरतं उरलं. मीठ संपलं, वासरू सुटलं, एवढंच. माझं टपाल मी वाचायचे, माझं कार्ड मी लिहायचे. नामदेव पुढच्या भाऊबीजेला आला, त्याच्या पुढच्याही. त्याला खरं काय ते मी सांगू शकले असते. आता तर लिहिताही येत होतं. नाही सांगितलं. तुझ्या खोट्यावर उभी राहून मी ओवाळणी घेतली आणि घरात तुलाच खोटी ठरवलं.

गेल्या चातुर्मासात देवळात बायकांपुढं मी पोथी वाचायला बसले. गाव पाहायला आलं होतं, थोरली वाचते म्हणून. 'दृष्टांत' या शब्दाशी अडखळले. दोनदा अडखळले. तू समोरच्या रांगेत होतीस. तुला ती पोथी पाठ होती, ओठ हलवला असतास तरी मला कळलं असतं. तू मान खाली घालून हातातल्या बांगड्या पाहत बसलीस. मी घामाघूम झाले, मग शब्द सापडला. घरी येताना वाटलं, मजा पाहत होती. आता वाटतं, तू तेव्हा तोंड मिटून बसलीस ते माझ्यासाठी बसलीस. सगळ्यांसमोर मला शब्द पुरवणारी व्हायचं नव्हतं तुला. तसंच असेल असं नाही. मी विचारलं कुठं? शंका घेतली की विचारावं लागत नाही, सगळी उत्तरं आपल्याजवळ असतात.

या श्रावणात तुला ताप आला. मुदतीचा ताप आहे असं वैद्य म्हणाले, आणि दिरानं तुला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. मी तीन दिवस गेले नाही. शेताचं काम आहे असं सांगितलं. खरं म्हणजे तू बोलावणं पाठवशील म्हणून थांबले होते. बोलावलं की जायचं, म्हणजे माझं जाणं मोठं दिसलं असतं. तू बोलावलं नाहीस. चौथ्या दिवशी मी रेल्वेनं वर्ध्याला आले ते रागातच.

तुझे केस उशीवर चिकटले होते. मी फणी मागून घेतली आणि गुंता सोडवत बसले. मूठभर केस फणीत आले, ते तुला दिसू नयेत म्हणून पदराखाली घेतले. मला तेव्हा सांगायचं होतं. त्या दुपारी बोलले ते चुकलं, हे तोंडात आलं होतं, दातांपर्यंत. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "काय टोचून राह्यलं, बाई?"

मी म्हणाले, काही नाही. पडून राह.

तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. आपलं ते शेवटचं बोलणं.

तू गेल्यावर आठवडाभरानं मी तुमच्या खोलीतली भिंत सारवत होते. हात एकाएकी थांबला. इतके दिवस ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती: मी अक्षरं शिकत होते तेव्हा ते कार्ड समोरच्या खिळ्याला टांगलेलं होतं. तुला ते माहीत होतं. मला वाचता आलं की मी पहिल्यांदा काय वाचणार, हेही माहीत असणार, कारण पोथीचं कारण तुला खरं वाटलं असेल असं मला नाही वाटत. रोज दुपारी तू माझं बोट धरून मला त्या कार्डाकडे नेत होतीस. एक दिवस तार काढून चुलीत टाकली असतीस तर कोणाला कळलं असतं? मी शेणाच्या हातानं तशीच बसून राहिले.

तेराव्याला नामदेव आला. पंगत उठली, ओसरीवर सोयरे बसले होते. त्यानं अंगातल्या बंडीच्या खिशातून एक कार्ड काढलं, घड्यांवर झिजलेलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ताईचं हे पत्र आलं नसतं तर मी या घरी पुन्हा पाय ठेवला नसता. कार्ड माझ्या हातात दिलं. तुझं अक्षर. 'नामदेवा, कमलच्या लग्नातून मी न जेवता निघाले. चुकलं माझं. आई असती तर तिनं हाताला धरून मला पंगतीत बसवलं असतं.'

कोणीतरी म्हणालं, थोरलीचं मन मोठं. माझ्या नवऱ्यानं मान डोलावली. मला गोड लागलं, इंदू. तुला घरी आणलं त्या सकाळी लागलं तसंच. या वेळी मात्र गोड लागल्याबरोबर मी तिथंच थांबले आणि पाहिलं. गप्प राहिले तर काय बिघडतं? तू राहिली नाहीस, तुझ्या हातून गेलेलं चांगलं माझ्या नावावर चढतं आहे, कोणाचं नुकसान नाही. एवढं सोपं वाटू लागलं म्हणून मला स्वतःची भीती वाटली.

मी म्हणाले, "नामदेवा, हे इंदूनं लिव्हलं. मी तिले सांगितलं होतं, माहा भाऊ मेला म्हून लिही."

नामदेव माझ्याकडे पाहत राहिला. त्यानं विचारलं, "मंग हे चुकलं म्हनून लिव्हलं ते?"

"तवा मी म्हटलं का नाई, मले आठवत नाई. ती म्हने, म्हटलं होतं. आता म्हनून राह्यले. चुकलं माह्यं."

त्यानं कार्ड परत घेतलं, घडीवर घडी घातली. मग म्हणाला, मीसुद्धा वाईटच लिहिलं होतं तुला. मी म्हणाले, माहीत आहे, वाचलं मी. त्याचं ते कार्ड मी स्वतः वाचलं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं दुपट्टा तोंडाला लावला. कार्ड मात्र फाडलं नाही, खिशातच ठेवलं.

त्याला मी सांगू शकले, कारण तीन वर्षांपूर्वी तू ती वाट करून ठेवली होतीस. तुझ्यापाशी यायला मला तशी वाट नाही. त्या दुपारी तुझ्या रिकाम्या कुशीवर मी बोलले. ते रागात निसटलं नव्हतं. कुठं लागेल ते पाहून मी बोलले होते. तू मनानं खरंच स्वच्छ होतीस की तुझाही त्यात काही हिशेब होता, याचा वाद मी अजून सोडलेला नाही. तू असतीस तर आज पुन्हा घातला असता. आणि हे लिहितानासुद्धा शंका येते, की चांगली दिसावी म्हणून तर लिहीत नाही ना मी? असेलही थोडं तसं. म्हणून हा कागद कोणाला दाखवणार नाही.

माझं कडू बोलणं गोड करून पोचवणारं आता कोणी नाही, तेव्हा जसं आहे तसंच लिहिते. ते बोलायला नको होतं, इंदू. चुकलं माझं. हे माझ्याकडून कोणी लिहवून घेतलेलं नाही, आणि मधे कोणी बदललेलंही नाही.